देवातलं मेडल

अंजनी टेंभेच्या अंगठ्याखालून गेलेला नग गिऱ्हाइकाकडून परत आला, असं माझ्या आठवणीत एकदाही झालं नाही.

आम्ही दोघं अंबरनाथ एमआयडीसीत नळाच्या तोट्या करणाऱ्या एका कारखान्यात होतो. मी बफवर. म्हणजे फिरत्या कापडी चाकावर पितळ दाबून धरायचं आणि त्याला चकाकी आणायची. ती तपासणीला. धातू कापला की कडेला बारीक धार उभी राहते, आम्ही तिला बर म्हणतो. ती डोळ्याला दिसत नाही, हाताला लागते. बाकीचे तपासणारे नग उजेडात धरून बघत. अंजनीवैनी बघत नसे. शेजारणीशी बोलत बोलत कडेवरून अंगठा फिरवायची आणि अंगठा अडला की नग बाजूला काढायची. मग माझ्याकडे वळून विचारायची, "भाऊ, आज डबा आणला नव्हता काय?" म्हणजे हा नग उपाशीपोटी घासलेला दिसतो. बायका हसायच्या. मी नग उचलून परत चाकावर धरायचो. वाद घालण्यात अर्थ नसे, तिचं बरोबर असायचं.

वैनी म्हणतो ते शेजारामुळे, बदलापुरात मांजर्लीला आमच्या खोल्या लागून. तिचा नवरा मी पाहिलेला नाही. तो गेला तेव्हा मी शाळेत होतो.

त्याचं नाव सोमा. बदलापूरच्या पलीकडे टेंभ्यांचं घर, थोडी भातशेती, दोन भाऊ. सोमा थोरला, सदू धाकटा. सोमा फौजेत भरती झाला, सुट्टीवर येऊन लग्न केलं, परत गेला. पुढे आणखी एकदा आला. त्यानंतर एकाहत्तरची लढाई झाली आणि तार आली. पश्चिमेच्या सीमेवर कुठेतरी. प्रेत आलं नाही. तेव्हा येत नसे, तिकडेच अग्नी द्यायचे. घरी एक ट्रंक आली. तिच्यात कपडे, दाढीचं सामान, हातात मावेल एवढा आरसा. अंजनी तेव्हा जेमतेम एकोणीस-वीस वर्षांची. पोटी मूल नव्हतं.

"मेलेला पाहिला नाय, म्हणून खरंच वाटंना," ती एकदा डबा खाताना म्हणाली होती. "तार काय, कोणाची पण येते. पोस्टमन चुकत नाय का?"

सासू कौसाबाई तर बरेच दिवस धरून बसली होती की फौजेत सोमा नावाचे पुष्कळ असतील, दुसरा कोणी गेला असेल. सून तोंडाने हो म्हणत नव्हती, पण रात्री दाराची कडी घालायला तिचा हात उचलत नसे.

मेडलं काही वर्षांनी आली, पोस्टाने, पुठ्ठ्याच्या डबीतून. दोन होती. एक तारा, पाच टोकांचा. त्या आघाडीवर जे जे होते त्या सगळ्यांना दिलेला. दुसरं गोल, चांदीसारखं, संग्राम मेडल. तेही त्या लढाईच्या काळात सेवेत असलेल्या सगळ्यांना मिळालं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण गावात लोक सांगत सुटले की सोमाला शौर्याचं मेडल मिळालं. ते शौर्याचं नव्हतं. हा माणूस तिथे होता, एवढंच ते सांगत होतं.

अंजनीला तेवढंच हवं होतं. गोल मेडलच्या कडेवर इंग्रजीत त्याचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं होतं. पोस्टमनने ते फिरवून फिरवून वाचून दाखवलं, तेव्हा घरात सासू-सून दोघीच होत्या. दुसरा कोणी सोमा असण्याची सोय तिथे संपली. ती त्या दिवशी रडली, असं तिने मला सांगितलं. तारेच्या दिवशी नाही.

आमच्याकडे देव्हाऱ्यात टाक असतात. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला देव, पाठीला तांबं. खंडोबा, भैरी, देवी. घरातलं कोणी लढाईत किंवा अवेळी गेलं असेल तर त्याचाही टाक करून देवांच्या शेजारी बसवतात. त्याला वीर म्हणतात. वीर बसवला नाही तर तो घरादाराच्या मागे लागतो, असं जुनी माणसं मानतात. कौसाबाईला सोमाचा टाक करायचाच होता. गोल मेडल हातात आल्यावर ती म्हणाली की सरकारने टाक करूनच धाडलाय. तिने फीत काढून टाकली, वरची कडी सोनाराकडून कापून घेतली आणि मेडल देवात बसवलं. तारा टोकदार. देवात टोकाची वस्तू नको, म्हणून तो सुनेला दिला.

पुढे वाटण्या झाल्या तेव्हा देव कोणाकडे जाणार हा प्रश्न निघाला. रीतीने देव थोरल्याकडे. थोरला सोमा, आणि सोमाच्या मागे त्याची बायको. अंजनीने चार माणसांत तसं म्हटलं. तिने मोठ्याने काही मागितल्याची ती पहिलीच वेळ असावी.

कौसाबाई म्हणाली, "देव पुढं चालवायला पोर लागतं. तुझ्यामागं कोण घेणार हाय?"

देव सदूकडे गेले, आणि देवांबरोबर मेडल.

अंजनीने मांजर्लीत खोली घेतली. पेन्शन होती, बसून खाता आलं असतं. ती कारखान्यात आली. पाळी संपवून घरी गेली तरी तिला बसलेलं कोणी पाहिलं नाही. पापड, वाल निवडणं, शेजारच्यांची बाळं धरणं. कामाबद्दल तिची एकच अट असे: करायचं तर पुरं करायचं. अर्धवट धुतलेलं भांडं ती न धुतलेल्यात धरायची.

तारा तिने पत्र्याच्या डबीत, पातळांच्या घडीखाली ठेवला होता. सव्वीस जुलैच्या पुराने तो नेला. मांजर्लीत नदीचं पाणी शिरणं नवीन नाही, पण त्या वर्षी ते खिडकीच्या वर गेलं. आम्ही सगळे गच्चीवर होतो. पाणी उतरल्यावर खोल्यांमध्ये गुडघाभर गाळ. बाकीचे फावड्याने ओढून बाहेर फेकत होते. अंजनीवैनी प्रत्येक घमेलं आधी हाताने चिवडायची, मग मी ते उचलून टाकायचो. तिच्या खोलीला दुसऱ्यांच्या तिप्पट वेळ लागला. गाळातून तिची सांडशी निघाली, माझा एक पाना निघाला, कोणाचा तरी कवळीचा अर्धा भाग निघाला. तारा निघाला नाही. शेवटचं घमेलं टाकल्यावर तिने हात धुतले आणि म्हणाली की आता तुझ्या खोलीला लागू.

सदूला कळलं तेव्हा तो म्हणाला, "सरकारने दोन दिली होती वैनी. एक तुमच्याकडं होतं." वाईट हेतूने नसेल म्हणाला. पण म्हणाला.

तेव्हापासून राहिलं ते देवातलं मेडल. दरवर्षी घट बसण्याआधी देव उजळायचे, म्हणजे टाक घासून लख्ख करायचे. त्या दिवशी अंजनी सदूच्या घरी जायची. घरच्या बायका चिंच आणि राख घेऊन टाक घासायच्या. मेडलला मात्र ती कोणाला हात लावू देत नसे. रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवायचं, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसायचं, कडेला नुसतं पाणी. राखेने अक्षरं झिजतील, ही तिची मनातली भीती, तिथे ती बोलून दाखवत नसे. मग ते कोरडं करून ती एकदा कडेवरून अंगठा फिरवायची. इंग्रजी तिला येत नव्हतं, आकडे तेवढे कारखान्यात शिकली होती. पण कुठे सरळ रेघ येते, कुठे अक्षराला पोट आहे, कुठे मध्ये जागा सुटते, हे तिला पाठ होतं. पुरा फेरा झाला की ती मेडल परत देवात ठेवायची, नमस्कार करायची आणि चहा न घेता निघायची. वर्षातून एक फेरा. कौसाबाई गेली तरी हा नेम मोडला नाही.

डोळ्यांचं कळायला उशीर झाला. काचबिंदू. तो दुखत नाही, कडेकडेने खात येतो. रस्त्यात बाजूने येणारी सायकल दिसेना, ताटातली चटणी दिसेना, तेव्हा ती डॉक्टरकडे गेली. उजवा डोळा संपला होता. डाव्यात समोरचं बशीएवढं शिल्लक होतं. गेलेलं परत येत नाही, राहिलेलंही किती दिवस सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी सोबत होतो. ती ऐकून उठली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "चांगला माणूस. फिरवून बोलला नाय."

घरी आल्यावर तिने कामाला लागावं तसं आंधळेपणाला हात घातला. मिठाच्या डब्याला सुतळी बांधली, साखरेच्या नाही. रॉकेलची बाटली घराबाहेर टाकली. डोळे असतानाच डोळे मिटून स्वयंपाक करायला लागली. दोनदा भाजली, तिसऱ्यांदा नाही. शेजाऱ्यांनी डबा देऊ म्हटलं तेव्हा तिने विचारलं की तुमच्या भाजीत मीठ कोण बघणार.

सगळी तजवीज झाल्यावर एक दिवस तिने मला बोलावलं.

"मला सोमाचं मेडल घरात पाहिजे," ती म्हणाली. "डोळे गेले की भिंतीवरचा त्याचा फोटो भिंतच झाला. माझ्याकडं बोटंच राहणार. बोटांना वाचता येईल असं त्याचं दुसरं काय हाय?"

वाटण्यांनंतर इतकी वर्षं तिने मागितलं नव्हतं. मी रिक्षा आणली.

सदूचा मुलगा सुजित याने बदलापुरातच हेंद्रेपाड्यात नवा फ्लॅट घेतला होता. सदू आता त्याच्याकडेच. शेत गेलं, म्हातारपणाने गुडघे गेले. नव्या घरात संगमरवरी देव्हारा आणला होता आणि सुजितची बायको माधवी हिने गुरुजींना विचारून घेतलं होतं की त्यात काय काय ठेवायचं. गुरुजी म्हणाले होते की मेडल हा काही देव नाही, ते देव्हाऱ्यात नको. म्हणजे आम्ही गेलो तेव्हा वेळ बरी होती. तरी सदू हो म्हणेना. देवातून उठवलेला वीर कुठे बसणार, ही भीती त्याच्या तोंडावर होती. माधवीनेच समजावलं की बाबा, मोठीआईच्या घरी बसेल, तिचाच तो.

शेवटी सदू हो म्हणाला. वास्तुशांतीच्या दिवशी सगळ्यांसमोर देऊ म्हणाला. मग जरा सैल होऊन बोलला, "पण वैनी, मांजर्लीत पाणी येतं हां."

"आता मी पहिल्या मजल्यावर हाय भावजी. पाण्याला जिना चढायला लागंल."

सदू हसला. दीर-भावजयीत इतकं बोलणं मी प्रथमच ऐकत होतो. परतताना रिक्षात मांडीवर तिची बोटं चाललेली होती. घरी आल्यावर मेडलच्या पिशवीसाठी तिने भिंतीत एक खिळा ठोकायला लावला, हात उंचावला की लागेल अशा जागी. मी ठोकला. तिने तपासला आणि दोन बोटं खाली घ्यायला लावला.

आता सुजितबद्दल. मुलगा चांगला. फोर्टात ऑफिस, सकाळी जातो, रात्री येतो, बापाला औषध स्वतः देतो. वास्तुशांतीच्या आधी त्याने ठरवलं की देव नव्या घरात काळे न्यायचे नाहीत. उल्हासनगरात टाक उजळून, चांदीचं पाणी चढवून देणारं एक दुकान त्याला कोणी सांगितलं. त्याने सगळे टाक फडक्यात बांधले, त्यात मेडलही बांधलं आणि देऊन आला. वर एक काचेची फ्रेम करून घेतली, आत निळं मखमल. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. मोठीआईला द्यायचं तर नव्यासारखं करून देऊ, असं त्याच्या मनात होतं.

वास्तुशांतीला आम्ही वेळेआधी पोचलो. वैनीने पांढरं-जांभळं पातळ नेसलं होतं, कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेलं. जेवणं बसायच्या आधी सदूने सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं, सुजितने सोमाबद्दल चार वाक्यं सांगितली आणि फ्रेम पुढे आणली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतो. तिथून मला ती चकाकी दिसली. आयुष्यभर मी तीच काढत आलो. ती पुसून येत नाही, धुऊन येत नाही. वरचा थर गेल्याशिवाय येत नाही.

वैनीने फ्रेमच्या काचेवर हात फिरवला आणि म्हणाली, "ह्यातून काढा."

सुजित म्हणाला की ते चिकटवलंय, राहू दे, असंच छान दिसतं. तिने परत तेच सांगितलं. माधवी आतून सुरी घेऊन आली आणि मखमलीवरून मेडल सोडवून तिच्या हातात दिलं. वैनीने ते डाव्या हातात धरलं आणि उजवा अंगठा कडेवर ठेवला. फिरवला. पुरा फेरा झाला. उलट्या बाजूने फिरवला. मग हात बदलला आणि डावा अंगठा फिरवला. लोक कौतुकाने बघत होते, त्यांना वाटलं ती कुरवाळतेय.

"हे कोणाचं हाय?" तिने विचारलं.

"मोठीआई, मोठ्या बाबांचंच," सुजित म्हणाला.

"मग त्याचं नाव कुठं हाय?"

माधवीने मेडल घेतलं, खिडकीपाशी नेलं, वरून पाहिलं, मागून पाहिलं. मग हळू आवाजात विचारलं, "नाव होतं?"

ते ऐकून वैनीचा चेहरा जसा झाला तसा मी पुरातही पाहिला नव्हता. इतकी वर्षं ते मेडल त्यांच्या घरात होतं, रोज त्याला गंधफूल वाहिलं जात होतं, आणि कडेला नाव आहे हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. सदूने मान खाली घालून सांगितलं की कायतरी खरवडलेलं होतं खरं.

सुजितचा रंग गेला. लेझरने परत कोरून मिळतं मोठीआई, उल्हासनगरात दहा मिनिटांचं काम, उद्याच करून आणतो, असं तो घाईघाईने बोलत राहिला. वैनी जाऊन पंगतीला बसली. वाढलेलं सगळं खाल्लं, कारण ती पानात टाकत नसे. मग मला म्हणाली की चल.

दुसऱ्या दिवशी सुजित मेडल घेऊन माझ्याकडे आला. रात्रभर झोपला नव्हता. आम्ही दोघं उल्हासनगरला त्या दुकानात गेलो. मालक सिंधी, साठीचा, बोलायला सभ्य. त्याने मेडल ओळखलं. काय झालं ते ऐकल्यावर त्याने मागच्या खोलीतल्या कारागिराला बोलावलं. नाकातोंडाला फडकं बांधलेला, पापण्यांवर काळी धूळ. माझी इतकी वर्षं तशीच गेली. तो म्हणाला की कडेला काही बारीक होतं, त्याला वाटलं ओरखडे आहेत.

"साईं, टाक के साथ आया, टाक जैसा किया," मालक म्हणाला. "टाक की किनारी तो साफ ही करनी पड़ती है. पूजा में हाथ कटता है. एक बार बोल देते."

बोलायला माहीत कोणाला होतं? मी मेडल परत उजेडात धरलं. मला चूक काढायची होती. काम चोख होतं. कडा सगळीकडून सारखी, कुठे जास्त दाब नाही, कुठे लाट नाही, चांदीचं पाणी एकसारखं. मी केलं असतं तर असंच केलं असतं. आम्ही परत आलो.

वैनी दारातच बसली होती. तिने मला भिंग घेऊन बघायला सांगितलं. मी खिडकीत बसलो आणि कडेचा एकेक भाग बघितला. खोटं बोलता आलं असतं. दोन-तीन अक्षरं पुसट दिसतात म्हटलं असतं तर तिला तपासता आलं नसतं. पण तिच्या हाताखाली काम केलेल्या माणसाला ते जमत नाही.

"एका जागी बारीक खड्डा हाय," मी म्हणालो. "अक्षराचा असंल, नायतर धातूचा मूळचा असंल. सांगता येत नाय."

"बाकी?"

"बाकी काय नाय."

तिने त्या जागी अंगठा ठेवून पाहिला. तिला काही लागलं नाही.

माझ्याकडे अक्षरांचे पंच आहेत, म्हणजे हातोडीने ठोकून धातूवर अक्षर उमटवायचे पोलादी ठसे. कडा रुंदीला बेताची, पण मेडल लाकडी साच्यात घट्ट बसवून एकेक अक्षर सावकाश ठोकलं तर बसलं असतं. नंबर तिला पाठ, नाव मला माहीत. मी तसं म्हणालो. सुजितने सांगितलं की सरकारकडे अर्ज करून दुसरं मेडल मागता येतं, तो सगळं धावपळीचं करेल. ती म्हणाली की विचार करून सांगते.

दोन-तीन दिवसांनी तिने मला हाक मारली.

"भाऊ, तू ठोकशील ते सरळ येईल, मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "पण ते मी सांगितलेलं असंल. तू ठोकलेलं असंल. आधीचं तिकडून आलेलं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं, मी कोणाला सांगितलं नव्हतं, आन् तरी त्याच्यावर सोमा होता. म्हणून मी मानलं."

"मग दुसरं मागवू," मी म्हणालो. "ते पण तिकडूनच येईल."

"ते आज तयार होईल. तेव्हाचं ते एकच."

मी पंच परत डब्यात ठेवले. सुजितचे फोन येत राहिले, अर्जाचं काय करायचं. तिने त्याला सांगितलं की पोरा, तुझी चूक नाय, पण आता काय करू नकोस. तो फोनवर रडला, हे तिने मला नंतर सांगितलं. तिला त्याचा राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. ती खायची, निजायची, भांडी घासायची. भांडी पहिल्यासारखीच. पण भिंतीतला खिळा तिने मला उपटायला लावला आणि भोक बुजवायला लावलं.

घट बसायच्या आधी, देव उजळायच्या दिवशी, तिने रिक्षा आणायला सांगितली. तोवर डावा डोळाही जवळजवळ संपला होता. हेंद्रेपाड्यात माधवी एकटीच ओट्यावर टाक धूत होती. उजळून आलेले, त्यांना धुण्यासारखं काही नव्हतं, पण रीत. सदू खुर्चीत बसला होता. वैनीने पदराच्या गाठीतून मेडल काढलं आणि माधवीचा हात चाचपून त्याच्यात ठेवलं.

"हे देवात ठेव."

माधवी गोंधळली. गुरुजींनी नको म्हटलं होतं, ते ती बोलू पाहत होती.

सदू म्हणाला, "वैनी, तुम्हाला दिलंय ते. परत कशाला?"

"देवाला नाव लागत नाय भावजी," ती म्हणाली. "माझ्या माणसाला लागत होतं. हे आता तुमच्या देवात बसंल."

माधवीने मेडल धुतलं, पुसलं आणि नव्या देव्हाऱ्यात भैरीच्या शेजारी ठेवलं. गुरुजींचं काय ते नंतर बघू, असं काहीतरी ती पुटपुटली. वैनीने नमस्कार केला नाही. मी तिचा हात धरला आणि आम्ही लिफ्टने खाली आलो.

रिक्षात बसलो तोवर सदू मागून आला. गुडघे गेलेला माणूस, काठी टेकत, धापा टाकत. रिक्षाच्या दांड्याला धरून उभा राहिला. मग त्याने विचारलं, "वैनी, सोमाचा नंबर काय होता?"

तिने सांगितला. एकेक आकडा सुटा करून.

सदूने म्हणून पाहिला. मधले दोन आकडे उलटे झाले. तिने दुरुस्त केला. त्याने परत म्हटला, या वेळी शेवटचा आकडा गेला. रिक्षावाल्याने आरशातून आमच्याकडे बघितलं. तिने पुन्हा सांगितला, पहिल्यापेक्षा सावकाश, आणि सदू ओठ हलवत राहिला. अर्ध्यावर येऊन थांबला, आणि पुन्हा पहिल्यापासून लागला.

"राहू दे भावजी," ती म्हणाली, आणि रिक्षावाल्याला चल म्हणाली.